लाल चांदणीचा कायदा

सातबाऱ्यावर तलाठ्यालाही मनाने खाडाखोड करता येत नाही. वारस लावायचा असो, खरेदी चढवायची असो की बँकेचा बोजा उतरवायचा असो, आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच ती सातवर उतरते. (तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं २०२४ मध्ये ठरलं. आमच्याकडे गावात अजून तलाठीच चालतं.) आठ-अ म्हणजे त्याच नोंदींचा खातेदाराच्या नावाने काढलेला उतारा. सातबारा गटावरून पाहायचा, आठ-अ माणसावरून, आणि दोन्हींच्या खाली नोंद एकच.

संगणकाचं नाव कोणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून महसूल खात्याला हे कळलेलं आहे की नोंद एका जागी ठेवावी, ती बदलायची वाट एकच असावी आणि दाखवायचे उतारे लागतील तेवढे काढावेत. सॉफ्टवेअरच्या शिक्षणात हाच विचार ‘लॉजिक आणि डिस्प्ले वेगळे ठेवा’ या नावाने येतो. लॉजिक म्हणजे नियम आणि हिशेब: कोण पात्र, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत. डिस्प्ले म्हणजे जे दिसतं किंवा ऐकू येतं ते: फॉर्म, यादी, पावती, एसएमएस. मी यवतमाळ जिल्ह्यात राहून जिनिंगवाल्यांसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या मते हा विषय आता प्रोग्रामरांनी आपसात वाद घालण्याचा राहिलेला नाही. पीकविमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, रेशन हे सगळं जिथे स्क्रीनवर ठरतं, तिथे नियम स्क्रीनपासून वेगळा ठेवणं ही सरकारी कंत्राटातली लेखी अट असली पाहिजे.

अर्जांच्या दिवसांत सेतू केंद्रावर अर्धा तास बसून पाहा. कास्तकार कागदांची पिशवी घेऊन उभा असतो, ऑपरेटर पोरगा स्क्रीनकडे पाहत असतो.

“काका, तुमचा अर्ज घेऊनच नाही राहिला.”

“काऊन?”

“काऊन ते नाही सांगत जी. लाल येऊन राहिलं फक्त.”

त्या लाल पट्टीचे निदान चार अर्थ निघतात. माणूस नियमाने अपात्र आहे. आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळत नाही. सर्व्हरने उत्तर दिलं नाही. किंवा त्या ब्राउझरमध्ये पानच धड उघडलं नाही. पहिल्यासाठी अपील करता येतं, दुसऱ्यासाठी नाव दुरुस्तीला जावं लागतं, तिसऱ्यासाठी संध्याकाळी परत यायचं आणि चौथ्यासाठी बाजूच्या दुकानातला कॉम्प्युटर गाठायचा. ऑपरेटर चौघांनाही “सर्व्हर डाऊन आहे” एवढंच सांगतो. त्याचा काही दोष नाही, त्याच्यासमोर नियमाचा नकार आणि यंत्राचा बिघाड एकाच रंगात येतो. नियम वेगळा लिहिलेला असेल तर तो स्वतःचं उत्तर कारणासकट देतो: अपात्र, अमुक अटीमुळे. मग स्क्रीनकडे ते दाखवण्यापलीकडे काम उरत नाही. कारण सांगता येत नसेल तर बहुतेक वेळा आत नियम आणि फॉर्म एकमेकांत कालवलेले असतात. कोड कोणी दाखवत नाही, पण हे लक्षण बाहेरून दिसतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे स्क्रीनने स्वतःच नियम करणं.

शासन निर्णय निघतो तेव्हा मंत्रालयात टिपणी फिरते, वित्त विभागाचं मत घेतलं जातं, सही होते, संकेतांक पडतो आणि निर्णय वेबसाइटवर चढतो. त्यात लिहिलेलं असतं की अर्जासोबत सातबारा, आधार आणि पासबुकाची प्रत लागेल. मग कुठल्यातरी कंपनीत फॉर्म बनवणारा कोणीतरी ‘ईमेल’ या रकान्यासमोर लाल चांदणी टाकतो. चांदणी म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्याच्याकडे ईमेल नाही तो कास्तकार त्या क्षणी योजनेच्या बाहेर गेला, आणि कोणत्या कलमाखाली गेला याचं उत्तर मंत्रालयापासून तहसीलपर्यंत कोणाकडेच नाही. व्यवहारात ऑपरेटर स्वतःचाच ईमेल टाकून गावभराचे अर्ज भरतो. पुढे कोणीतरी ‘एका ईमेलवर एकच अर्ज’ अशी तपासणी फॉर्ममध्ये घालतो, आणि मग सगळं गाव एकाच माणसाचे बनावट अर्ज म्हणून अडकतं.

नावाचे तीन रकाने पाहा. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्हींवर चांदणी. नवरा गेलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई मधल्या रकान्यात काय भरेल? आधार माहेरच्या नावाने, सातबारा सासरच्या. विदर्भात अशा एकल महिलांच्या नावावर आलेली शेतं थोडी नाहीत. मधलं नाव बंधनकारक असावं असं कोणत्याही कृषिमंत्र्याने कधी ठरवलेलं नसतं. ते ठरतं एका टेम्पलेटमध्ये, कुठल्यातरी जुन्या फॉर्मवरून उचललेल्या.

पिकाचंही तेच. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात, हे पोराटोरांनाही माहीत आहे. गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकासाठी वेगळे रकाने आहेत, म्हणजे जुन्या कागदालाही ते माहीत होतं. पण एका गटाला एकच पीक निवडू देणारी यादी एखाद्या फॉर्ममध्ये आली की तूर नोंदीतूनच जाते. यादी बनवणाऱ्याला वाटतं आपण फक्त निवडायची सोय केली. कागदावरचा नियम मात्र त्या यादीत हरवतो.

या विभागणीला आज जे नाव चिकटलं आहे ते १९७९ चं. ट्रिग्वे रीनस्काउग हे नॉर्वेचे संशोधक तेव्हा कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून होते. स्मॉलटॉक या भाषेवर तिथे काम चालू होतं. त्यांच्या टिपणांतून मॉडेल (नोंद आणि नियम), व्ह्यू (ते दाखवणारा) आणि कंट्रोलर (वापरणाऱ्याच्या सूचना घेणारा) ही तिघांची मांडणी आली. मे महिन्यातल्या टिपणात नावं थोडी वेगळी होती, डिसेंबरमध्ये ती पक्की झाली. रीनस्काउग आले होते जहाजबांधणीच्या कामातून. तिथल्या मोठ्या आराखड्याकडे प्रत्येकाला आपापल्या कामाच्या बाजूने पाहायचं असतं, एकाला तक्ता लागतो, दुसऱ्याला आकृती, पण आराखडा दोन होऊन चालत नाही. वापरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणि यंत्रातली नोंद यांच्यातलं अंतर कमी व्हावं हा त्यांचा मूळ हेतू होता. आज या तिघांच्या आद्याक्षरांचं एमव्हीसी हे मुलाखतीत पाठ म्हणून दाखवायचं अक्षर झालंय आणि हेतू कोणी विचारत नाही, ते जाऊ द्या.

आमच्या प्रश्नाला त्याहून जवळचा माणूस म्हणजे डेव्हिड पार्नास. १९७२ साली त्यांनी प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत यावर निबंध लिहिला. आधी हे होतं मग ते होतं अशा पायऱ्यांनी तुकडे पाडू नयेत, जो निर्णय उद्या बदलेल असं वाटतं तो एका तुकड्यात कोंडावा आणि बाकीच्यांना त्याची खबर लागू देऊ नये, असं त्यांचं सांगणं. आता सरकारी योजनेत बदलतं काय? नियमच बदलतात, आणि तेही ऐन हंगामात. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा आला. २०२५ च्या खरिपाला तो गेला, आणि कास्तकाराचा हिस्सा पुन्हा टक्केवारीवर आला, सोयाबीनसारख्या पिकाला २ टक्क्यांपर्यंत, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. एवढ्या काळात अर्जाचा तोंडवळा तसाच राहू शकतो. गट क्रमांक तोच, बँक खातं तेच.

२०२४ चं सोयाबीन आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये, ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. माल ओला, केंद्रावरून परत जाऊ लागला, बोंब झाली, आणि नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारने मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. कागदावर बदल एका आकड्याचा. प्रोग्राममध्ये तो बारा किती ठिकाणी बसलेला असू शकतो ते पाहा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये, मालाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरच्या मोबाइलवर, गोदामाच्या पावतीत, बाराच्या वरचे आकडे लाल दाखवणाऱ्या रोजच्या अहवालात, आणि ‘माल १२ टक्क्यांच्या आत आणावा’ या एसएमएसमध्ये. चार ठिकाणी बदलला आणि पाचवं राहिलं, तर ग्रेडर माल पास करतो आणि पावतीचं पान अडवतं. ट्रॅक्टर रात्रभर गेटवर, भाडं कास्तकाराच्या अंगावर. घाईत कोणी सगळ्या कोडमध्ये १२ शोधून १५ केला, तर आणखी मजा. कापसाचीही वरची मर्यादा १२ टक्केच आहे.

कापसाचाच नियम लिहून पाहू, म्हणजे मी कशाची मागणी करतोय ते कळेल. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ मध्ये जितके टक्के जास्त तितके टक्के भावातून वजा. १२ च्या वर खरेदी नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. १० टक्के ओलावा म्हणजे २ टक्के वजा, १६२ रुपये २० पैसे, हातात ७,९४७ रुपये ८० पैसे. बस, एवढाच नियम. कोडमध्ये तो दहा ओळींत मावतो. त्या दहा ओळींत रंग नसतो, बटण नसतं, मराठी-इंग्रजीचा प्रश्न नसतो. त्यांना तीन गोष्टी द्यायच्या: धाग्याचा प्रकार, ओलावा, तारीख. त्या ओळी तीन गोष्टी परत देतात: खरेदी होणार की नाही, भाव किती आणि का. तारीख मुद्दाम घातली आहे, कारण १० नोव्हेंबरचा माल १० नोव्हेंबरच्या नियमाने मोजला पाहिजे, मग तक्रार फेब्रुवारीत का येईना.

डिस्प्लेने हिशेबात हात घातला की काय होतं याचा एक नमुना आमच्याकडे रोज दिसतो. गावात ‘पाच एकरवाला’ म्हणजे लहान कास्तकार. सरकारी व्याख्येत अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत. आता पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर, मर्यादेच्या किंचित वर. स्क्रीन एकच दशांश दाखवत असेल तर तिथे २.० दिसतं. पुढच्या पानाने तो आकडा मूळ नोंदीतून न घेता आधीच्या पानावरून उचलला, तर हा माणूस अल्पभूधारक. नोंदीतून घेतला तर नाही. त्यामुळे एका योजनेच्या यादीत तो बसतो, दुसरीत बसत नाही, आणि दोन्ही प्रिंटांवर क्षेत्र २.० हेक्टर. कृषी कार्यालयातल्या साहेबालाही यातलं चुकलं काय ते सांगता येणार नाही. आकडा कसा दाखवायचा ते दाखवणाऱ्याने ठरवावं, पण दाखवलेला आकडा हिशेबात परत जाता कामा नये. दोन हेक्टरची मर्यादा पाच एकरवाल्याला अठरा-वीस गुंठ्यांनी नव्हे, जेमतेम सव्वादोन गुंठ्यांनी हुकवते, हे धोरण करणाऱ्यांनीही कधीतरी पाहावं, पण तो वेगळा वाद.

चांगलं उदाहरण लांब शोधायला नको. यूपीआय २०१६ मध्ये आलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसे जातात याचे नियम एका ठिकाणी, आणि त्यावर अॅप कोणाचंही. २०२२ च्या मार्चमध्ये साध्या बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू झालं. बसस्टँडवरच्या चहावाल्याकडे जो डबा ‘दस रुपये प्राप्त हुए’ ओरडतो तोही डिस्प्लेच आहे, कानांसाठीचा. चहावाल्याने स्क्रीनकडे पाहायची गरज नाही, आणि तो डबा पैशाचा कोणताही निर्णय घेत नाही. बँकिंगमध्ये जमलं ते शेतीच्या योजनांत का जमू नये? धारणी-चिखलदऱ्यात कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. नियम वेगळा असेल तर त्यावर कोरकूत बोलणारी फोनसेवा एखादं महाविद्यालय किंवा संस्था बांधू शकते, तिला योजना नव्याने लिहावी लागत नाही. नियम फॉर्ममध्येच पेरलेला असेल तर कोरकू फॉर्म म्हणजे नियमाची आणखी एक प्रत. शासन निर्णय बदलला की आधी मराठी फॉर्म सुधारतो आणि कोरकूचा कधीतरी. म्हणून कोणी त्या वाटेला जात नाही, आणि भाषेच्या नावाने पानाच्या कोपऱ्यात ‘मराठी | इंग्लिश’ एवढंच राहतं.

यावर आमच्याच धंद्यातले लोक म्हणतात की छोट्या कामाला एवढा पसारा कशाला. त्यात तथ्य आहे. एका जिनिंगच्या गेटवरच्या आवक रजिस्टरला मी सात थर लावत नाही आणि लावणाऱ्यांचं मला हसू येतं. तीन रकान्यांच्या फॉर्मसाठी चाळीस फायली बनवणारी पुण्या-मुंबईची फॅशन आहे, तिचा भार शेवटी गिऱ्हाईकच उचलतं. रंग आणि अक्षरं वेगळ्या फाइलमध्ये टाकली की विभागणी झाली असं समजणारेही पुष्कळ. वेबपानाचं रूप वेगळं करणाऱ्या सीएसएसचा प्रस्ताव १९९४ चा, आणि तो चांगलाच आहे, पण लाल रंग कोणता हे वेगळं लिहिल्याने लाल कोणाला करायचं हे वेगळं होत नाही. माझी अट फक्त तिथे आहे जिथे प्रोग्राम एखाद्याच्या हक्काचा निवाडा करतो.

दुसरी हरकत जास्त खोल आहे: नियम कुठे संपतो आणि दाखवणं कुठे सुरू होतं याची रेघ खरंच मारता येते का? यादी कोणत्या क्रमाने दाखवायची हा डिस्प्लेचा प्रश्न वाटतो. पण ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ असेल तर क्रम हाच नियम. दहा मिनिटं काही हालचाल झाली नाही की लॉगिन संपतं, ही सुरक्षेची साधी सोय वाटते. मेळघाटात जिथे एक फोटो चढायला पंधरा मिनिटं लागतात, तिथे ती पात्रतेची अट होते. रेघ धूसर आहे हे मला मान्य आहे. पण धूसर रेघेवरचा निर्णय कोणी घ्यायचा? आज तो फॉर्म बनवणारा न कळत घेतो. ज्या गोष्टीने माणूस आत किंवा बाहेर होतो ती नियमाच्या बाजूला टाका, शंका असेल तरी तिकडेच टाका, आणि अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. मग दहा मिनिटांच्या अटीवरही कोणालातरी सही करावी लागेल आणि निदान चर्चा होईल.

‘नियम असा उघडा ठेवला तर लोक गैरफायदा घेतील’ हे तिसरं. शासन निर्णय आजही उघडाच असतो, त्याचा कोडमधला अवतार लपवून काय साधणार? बनावट अर्ज पकडण्याच्या युक्त्या झाकून ठेवा, कोणाची ना नाही. पात्रतेचे निकष झाकायचं कारण नाही. फ्रान्सच्या करखात्याने आयकराच्या हिशेबाचा कोड २०१६ मध्ये जाहीर केला, त्याने तिथलं कर वसूल करणं बंद पडलं नाही. आपल्याकडे २०१५ मध्येच केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरचं आणि सरकारी यंत्रणांच्या खुल्या एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याला विचारायच्या ठरलेल्या वाटेचं) अशी दोन धोरणं काढली. कागद तयार आहेत. खरा विरोध कंत्राटदारांचा असतो आणि तो बोलून दाखवला जात नाही: नियम वेगळा आणि सरकारच्या मालकीचा झाला की उद्या फॉर्म दुसरी कंपनी बनवू शकते, आणि दरवर्षीच्या ‘देखभाली’चं बिल आटतं.

म्हणून मागणी निविदेच्या कागदात घालायला हवी, प्रशिक्षणाच्या भाषणात नको. पात्रतेचे आणि रकमेचे नियम वेगळ्या भागात असतील, त्याची मालकी विभागाची असेल, आणि प्रत्येक नकारासोबत नियमाची आवृत्ती, तारीख आणि अट पावतीवर छापून येईल. ती पावती हातात असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करताना कास्तकाराला ‘सर्व्हर डाऊन होता’ यापेक्षा जास्त काहीतरी मांडता येईल. चांदणी लागलेल्या प्रत्येक रकान्यासमोर शासन निर्णयाचं कलम लिहावं, आणि कलम सापडलं नाही तर चांदणी काढावी.

सोबत एक पान जोडावं, उदाहरणांचं. लांब धाग्याचा कापूस, ओलावा ८, भाव ८,११०. ओलावा १०, भाव ७,९४७.८०. ओलावा १२.१, खरेदी नाही. क्षेत्र २.०० हेक्टर, अल्पभूधारक. क्षेत्र २.०२, नाही. कपाशीत तूर असेल तर दोन्ही पिकं नोंदवली जातील. मधलं नाव नाही, अर्ज घेतला जाईल. हे पान लिहायला कोड यावा लागत नाही. तालुका कृषी अधिकारी, एक तलाठी आणि बाजार समितीतला जुना ग्रेडर एका दुपारी बसून लिहू शकतात आणि सही करू शकतात. कंपनीच्या प्रोग्रामने, स्क्रीन न उघडता, त्या प्रत्येक ओळीचं उत्तर बरोबर दिलं पाहिजे, पहिलं बिल निघण्याच्या आधी.